मधुमेही आणि त्याच्या घरची माणसे

धुळ्याहून आग्र्याच्या रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे सोनगीर मागे पडल्यावर नरडाणा लागते. शिंदखेडा तालुक्यातील हे गाव महामार्गावर तर आहेच, शिवाय तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील ते एक स्थानक आहे. भोवती कापूस, ज्वारी आणि बाजरी पिकविणारी खेडी. जवळच औद्योगिक वसाहत. याच लोहमार्गाने खानदेशातील कितीतरी तरुण पोटासाठी सुरतेच्या कापड-कारखान्यांत गेले. त्यामुळे या भागातील पुष्कळ घरांची ठेवण एकसारखी दिसते. आईबाप गावी, एक मुलगा सुरतेस, दुसरा शेतावर किंवा वसाहतीत कामाला, आणि घरात सून व नातवंडे.

अशा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास मधुमेह असल्याचे निदान होते, तेव्हा दवाखान्यात बहुधा तो एकटाच गेलेला असतो. पाचदहा मिनिटांत त्याला गोळ्या लिहून मिळतात. ‘गोड बंद करा, भात कमी करा, रोज चाला’ एवढा उपदेश मिळतो. आणि तो घरी परततो. परंतु घरची चूल त्याच्या हाती नसते. भाजी कोणती आणावयाची, फोडणीस तेल किती घालावयाचे, भाकरी केवढी थापावयाची, रात्रीचे ताट आठाला वाढावयाचे की दहाला, हे सारे दुसरेच कोणी ठरवीत असते. आणि जी व्यक्ती हे ठरविते तिला या रोगाविषयी कोणी काहीच सांगितलेले नसते. शिक्षण एकास मिळते आणि ते अमलात आणावयाचे काम दुसऱ्याकडे असते. मधुमेहाच्या उपचारांत जे अपयश पदोपदी दिसते, त्याचे एक मोठे कारण या विसंगतीत आहे.

थोडा हिशेब करून पाहावा. मधुमेही दर महिन्यास नियमाने वैद्याकडे गेला आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटे बसला, तरी वर्षभरात वैद्याचा सहवास त्याला दोन तासांचाच घडतो. वर्षाचे तास ८,७६० असतात. उरलेले ८,७५८ तास तो घरी, शेतावर, बाजारात, लग्नकार्यात आणि प्रवासात असतो. हिवतापासारखा रोग औषधाने काही दिवसांत हटतो; मधुमेहाचे तसे नाही. तो जन्माचा सोबती होय, आणि त्याला आवरण्याचे काम रोजच्या जेवणातून, चालण्यातून, झोपेतून व वेळेवर घेतलेल्या औषधातून व्हावयाचे असते. ही व्यवस्था ज्याची त्याने शिकावयाची असते हे खरे. परंतु ज्या घरात ती चालावयाची त्या घरानेही ती शिकावी लागते.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात पाहू. आपण खाल्लेल्या धान्याची शरीरात साखर होते आणि ती रक्तावाटे सर्व अवयवांस पोहोचते. ती पेशींमध्ये शिरण्यास इन्शुलिन नावाचा स्राव लागतो. तो जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात तयार होतो. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात, जो बहुधा बालपणी किंवा तारुण्यात प्रकट होतो, हा स्राव जवळजवळ बंदच पडतो. म्हणून इन्शुलिन बाहेरून टोचून घेतल्याशिवाय रोगी जगत नाही. दुसऱ्या प्रकारात स्राव असतो, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही, आणि हळूहळू तोही अपुरा पडू लागतो. आपल्याकडील बहुसंख्य मधुमेही या दुसऱ्या प्रकारचे असतात. उपाशीपोटी रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असणे हे निरोगीपणाचे लक्षण. ती १२६ किंवा त्याहून अधिक आढळली आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसेच दिसले, तर तो मधुमेह होय. वाढलेली साखर दुखत नाही, खुपत नाही. परंतु वर्षानुवर्षे ती डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या मज्जातंतू पोखरीत राहते.

हा रोग शहरी श्रीमंतांचा, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे २०११ साली प्रसिद्ध झालेले पहिले निष्कर्ष पाहिले, तर महाराष्ट्राच्या शहरांत प्रौढांपैकी शेकडा १०.९ आणि खेड्यांत शेकडा ६.५ मधुमेही आढळले होते. त्याच पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साऱ्या देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे, आणि रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक १३ कोटींहून अधिक आहेत. तेव्हा प्रश्न एखाददुसऱ्या घराचा राहिलेला नाही.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या बाबतीत एक मार्मिक विचार मांडून ठेविला आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा. चारांपैकी एक पाद जरी लंगडा असला तरी चिकित्सा नीट उभी राहत नाही. या उपस्थात्याच्या अंगी चरकाने चार गुण अपेक्षिले आहेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. येथे गुणांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रेमाला तिसरे स्थान आहे. ज्ञान पहिले आहे. घरच्या माणसांजवळ प्रेम बहुधा भरपूर असते. उणीव असते ती ज्ञानाची. आणि ज्ञानावाचून केलेल्या प्रेमाने मधुमेह्याचे जेवढे नुकसान होते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल.

सुश्रुताने तर प्रमेहाचे दोन प्रकारच मानले: एक जन्मासोबत येणारा आणि दुसरा अपथ्याने जडणारा. ज्याच्याजवळ धन नाही व ज्याला बांधव नाहीत, अशा प्रमेह्याने अनवाणी, एका गावी एकच रात्र राहून, शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालत जावे, असेही त्याने सुचविले आहे. चालण्याचे महत्त्व त्या काळीही जाणले होते, हे यावरून उघड होते. अनवाणी चालण्याचा भाग मात्र आज त्याज्य समजला पाहिजे. त्याचे कारण पुढे येईल. परंतु ‘ज्याला बांधव नाहीत’ ही अट विचार करावयास लावते. ज्याला बांधव आहेत, त्याने घरीच राहावयाचे आहे. मग त्या बांधवांनी काय करावे, हा प्रश्न ओघानेच येतो.

पश्चिमेकडेही रोग्यास शिकविण्याची कल्पना इन्शुलिनच्या शोधापूर्वीच रुजू लागली होती. अमेरिकेतील बोस्टन येथील डॉक्टर इलियट जोस्लिन यांनी १९१८ साली मधुमेहावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते डॉक्टर आणि रोगी या दोघांनीही वाचावे म्हणून लिहिलेले होते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. त्या दिवसापासून, पूर्वी जी मुले थोड्याच काळात दगावत असत ती जगू लागली. पण रोज सुई टोचण्याची, अन्न मोजण्याची व लघवी तपासण्याची विद्या घराघरांतील आयांना शिकावी लागली. आपल्याकडे मुंबईत १९५५ साली डॉ. शां. श्री. आजगावकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेहदिन म्हणून पाळला जातो. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षी त्या दिनाचा विषयच ‘कुटुंब आणि मधुमेह’ हा ठेवण्यात आला होता.

आता चरकाने सांगितलेल्या चार गुणांच्या अनुरोधाने घरच्या माणसांनी काय शिकावे ते पाहू.

पहिला गुण ज्ञानाचा. त्याची सुरुवात स्वयंपाकघरातून होते. खानदेशात एक समज दृढ आहे की, मधुमेह्याने गहू व भात सोडून ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे काम झाले. वस्तुतः १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातही पिष्टमय अंश सुमारे ७० ग्रॅम असतो. ज्वारीत कोंडा टिकून राहतो हा तिचा गुण. परंतु तीन मोठ्या भाकऱ्या त्या तीनच राहतात. ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी अधिक चांगली, कारण उडदाने प्रथिनांची भर पडते. सोपा नियम असा की, ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरावा. त्यासाठी मेथी, गवार, गिलकी, दोडकी, वांगी ही खानदेशच्या मळ्यांतीलच भाजी उत्तम आहे. पाव भाग डाळ, उसळ, मासे किंवा अंडे यांचा आणि उरलेला पाव भाग भाकरीचा असावा. वांग्याच्या भरितात दोष नाही. दोष असतो तो वर तरंगणाऱ्या तेलात. शेवेच्या भाजीत तर तेल आणि बेसन दोन्ही आले. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च होय. गूळ साखरेहून निरुपद्रवी आहे असे मानणे ही केवळ मनाची समजूत आहे; रक्तास दोहोंचा फरक फारसा कळत नाही. आणि चहा! प्रत्येक घरी ‘घोटभर’ म्हणून दिला जाणारा चहा दिवसातून पाच वेळा झाला आणि प्रत्येकात दोन चमचे साखर पडली, तर सुमारे ५० ग्रॅम साखर माणसाच्या नकळत पोटात जाते.

येथेच एक चूक फार घरांत होते. मधुमेह्यासाठी वेगळी पातेली चढते. त्याला अळणी, बेचव असे काहीतरी मिळते आणि शेजारीच बाकीची पंगत चमचमीत जेवते. अशी व्यवस्था काही आठवड्यांहून अधिक टिकत नाही. स्वयंपाक करणारी थकते आणि जेवणाराही कंटाळतो. वास्तविक मधुमेह्यास जे अन्न योग्य तेच घरातील सर्वांस योग्य असते. तेल अर्ध्यावर आणावयाचे ते साऱ्या घराचे आणावे. भाजी दुप्पट करावयाची ती सर्वांसाठी करावी. यात दुसराही लाभ आहे. मधुमेह्याची मुले व भावंडे यांना हा रोग होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, रोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांनी वजन थोडे उतरविले आणि आठवड्यातून १५० मिनिटे व्यायाम केला, तेव्हा त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा ५८ ने घटले. भारतात चेन्नईच्या संशोधकांनी केलेल्या अशाच प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००६ साली आले, ही घट शेकडा २८ च्या वर होती. तेव्हा वडिलांसाठी बदललेले ताट मुलाचेही रक्षण करते.

सणांचे काय करावे, हा प्रश्न खानदेशात विशेष बिकट आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात. आमरस आणि पुरणाची पोळी झाल्याखेरीज सण झाला असे कोणी म्हणत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिचे रोट घरातील माणसांच्या नावाने मोजून घेतलेल्या धान्याचे असतात आणि भाऊबंदांनी मिळून ते खावयाचे असतात. येथे मधुमेह्यास पंगतीतून उठविणे क्रूरपणाचे ठरेल आणि त्याला सक्तीने वाढणे घातक होईल. मार्ग मधला आहे. आमरस वाटीभर न घेता दोनतीन चमचे घ्यावा व त्यात साखर घालू नये. पोळी एकच आणि तीही भाकरीच्या ऐवजी, भाकरीशिवाय जास्तीची नव्हे. आधी भाजी व डाळ खावी आणि गोड शेवटी घ्यावे. जेवणानंतर घरातील कोणीतरी सोबत घेऊन त्यांना गावकुसापर्यंत चालवून आणावे. हे प्रमाण आदल्या दिवशीच घरात बोलून ठरवावे, म्हणजे पंगतीत वाद होत नाही.

दुसरा गुण दक्षतेचा. यातील सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणजे साखर एकाएकी उतरण्याचा. इन्शुलिन घेणाऱ्यास किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यास जेवणास उशीर झाला, उपवास घडला किंवा शेतात कष्ट अधिक झाले, तर रक्तातील साखर ७० च्या खाली येऊ शकते. तेव्हा अंगास दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक लागते. पुढे माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांस हे ठाऊक नसले म्हणजे कोणी त्याला रागीट ठरवितो, कोणी तो प्यालेला आहे असे समजतो, तर कोणी अंगात आले म्हणून अंगारा लावतो. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब प्यावयास द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग भाकरीचा तुकडा द्यावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखरपाणी श्वासनलिकेत जाऊन जीव जाईल. त्याला कुशीवर वळवून निजवावे आणि १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. एरवी साखर वैरीण असली तरी या प्रसंगी तीच औषध होय, एवढे घरातील दहा वर्षांच्या मुलासही पाठ असावे.

इन्शुलिन राखण्याची विद्याही घरानेच शिकावी लागते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश उष्णतामानात राहिली पाहिजे. वापरात असलेली कुपी सावलीत, थंड जागी साधारणतः चार आठवडे टिकते. खानदेशचा वैशाख ४२ अंशांच्या पुढे जातो आणि वीज वारंवार जाते. ज्यांच्याकडे शीतकपाट नाही त्यांनी एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून तीत दुसरे लहान मातीचे भांडे बसवावे आणि कुपी कोरड्या डबीत बंद करून त्यात ठेवावी. बाहेरून ओले फडके गुंडाळावे. शीतकपाट असल्यास बर्फाच्या कप्प्यात कुपी कधीही ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. दुचाकीच्या पेटीत उन्हात राहिलेल्या कुपीचीही तीच गत होते.

तिसरा गुण अनुराग. प्रेम दोन वाटांनी चुकते. एक वाट लाडाची. “खाई ले, एक घासमा काय व्हस!” असे म्हणून अहिराणी घरात आग्रहाने वाढले जाते, आणि असे एकेक घास वाढणारे हात घरात पाच असतात. दुसरी वाट पहाऱ्याची. मुलगा सुरतेहून दूरध्वनी करतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, “आज पुन्हा गोड खाल्ले का?” सून डबे लपविते, नातू आजोबांवर पाळत ठेवितो. परिणाम असा होतो की, वडील बाजारात जाऊन चोरून खातात आणि साखर वाढली म्हणजे तपासणीस जाण्याचेच टाळतात. २०१२ साली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी प्रौढ मधुमेह्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या घरची माणसे टोचून बोलत किंवा पथ्याच्या आड येत, ते रोगी औषधेही कमी नियमाने घेत असल्याचे त्यांना आढळले. घरच्यांस रोगाची माहिती अधिक असली म्हणजे मदतही अधिक मिळते, पण माहितीबरोबर टोचणीही येऊ शकते, असाही बोध त्यातून निघाला. म्हणून घरच्यांस केवळ पथ्याची यादी शिकवून भागत नाही. कसे बोलावे हेही शिकवावे लागते. “गोड खाल्ले का?” असे विचारण्याऐवजी “आज चालावयास कोण सोबत आले होते?” असे विचारणे अधिक उपयोगी पडते. सुरतेचा मुलगा औषधे संपण्याची तारीख टिपून ठेवून चार दिवस आधी आठवण देऊ शकतो. तपासणीच्या दिवशी गावी येऊ शकतो. दूर राहूनही उपस्थाता होता येते.

आणि रोगी स्त्री असेल तर? या प्रश्नाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पुरुषास मधुमेह झाला म्हणजे बायकोस पथ्य समजावून सांगतात आणि ती ते पाळून दाखविते. परंतु मधुमेह घरच्या गृहिणीसच झाला तर तिचे पथ्य कोणास समजावून सांगावयाचे? ती सर्वांस वाढून उरलेले खाते. सर्वांत शेवटी, रात्री दहाला जेवते. व्रते-उपास तिच्याच वाट्यास अधिक येतात. तिच्या गोळ्या संपल्या तर ‘पुढच्या बाजारी आणू’ असे ठरते. आणि एकटी चालावयास गेली तर गाव बोलते. अशा घरात शिक्षण द्यावयाचे ते नवऱ्यास, मुलास आणि सासूस द्यावे लागते. तिने सर्वांबरोबर वेळेवर जेवावयास बसावे, एवढी एक रीत जरी घराने स्वीकारली तरी औषधास निम्मे बळ येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडातील बालकांहून पुष्कळ कमी भरले; पण त्या कृश देहातही चरबीचे प्रमाण तुलनेने राखलेले दिसले. मधुमेहाची बीजे आईच्या पोषणापर्यंत मागे जाऊ शकतात, हा विचार त्यातून पुढे आला. तेव्हा घरातील स्त्रियांचे ताट हा पुढील पिढीच्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

पहिल्या प्रकारचा मधुमेह लहान मुलीस झाला तर तिचे लग्न जमणार नाही या भीतीने रोग लपविण्यात येतो. शाळेतील शिक्षकासही सांगत नाहीत. मग वर्गात साखर उतरून ती मुलगी ग्लानीत गेली म्हणजे काय करावे हे कोणासच कळत नाही. कोणा वैदूच्या सांगण्यावरून अशा मुलाचे इन्शुलिन बंद करणे म्हणजे त्याचा प्राण घेणेच होय. ताप किंवा उलट्या असल्या, जेवण गेले नाही, तरी इन्शुलिन आपल्या मनाने थांबवू नये, वैद्यास विचारावे.

चौथा गुण शुचितेचा. त्याचे मुख्य स्थान पाय. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली म्हणजे तळव्यांची संवेदना जाते. काटा रुतला, वहाण लागली, तापलेल्या जमिनीने फोड आला, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि कित्येकदा पाय कापण्याची पाळी येते. चैत्रात खानदेशातून हजारो भाविक सप्तशृंगीच्या गडास पायी जातात. काही अनवाणी जातात. मधुमेह्याने ही यात्रा करू नये असे नव्हे. परंतु वैद्यास पाय दाखवून, मऊ बंद पादत्राण घालून आणि रोज मुक्कामी तळवे तपासून करावी. देवीचा कोप वहाणेने होत नाही, हे घरातील वडील बाईने सांगितले तर ते जितके पटेल तितके वैद्याने सांगून पटत नाही. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून उजेडात तळवे पाहावेत. वृद्धास वाकता येत नाही व नीट दिसतही नाही; हे काम नातवाने करावे. दोन मिनिटांच्या या कामाने पाय वाचतो. टोचण्याच्या सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवाव्यात. उकिरड्यावर टाकू नयेत. विडी, तंबाखू आणि गुटखा यांनी पायांच्या रक्तवाहिन्या आणखी आकुंचतात. म्हणून त्याही घरातून गेल्या पाहिजेत, आणि त्या एकट्या रोग्याच्या खिशातून काढून भागत नाही.

हे सारे शिकविणार कोण? सरकारने २०१० साली मधुमेह, कर्करोग, हृदयविकार इत्यादींसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तक्ता भरते. त्यात वय, कमरेचा घेर, तंबाखू, मद्य, व्यायाम आणि घरात कोणास मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे काय, हे विचारून गुण दिले जातात. चाराहून अधिक गुण झालेल्यांस आधी तपासणीस पाठवितात. ती घरी येते तेव्हा सारे घर समोर असते. चूल, ताट, चहाचा डबा, सर्व दिसते. त्या अर्ध्या तासात तिला ओटीवरच बसवून वाटेस लावू नये. तिला स्वयंपाकघरापर्यंत न्यावे आणि घरातील सर्वांनी जवळ बसून आपल्या शंका विचाराव्यात. अवघड प्रकरणांस धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना यांची तपासणी वर्षातून एकदा झाली पाहिजे. तिची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

चरकाने रोग्याच्याही अंगी चार गुण मागितले आहेत: स्मरण, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपले दुखणे नीट सांगता येणे. पैकी शेवटचे दोन गुण रोग्याच्या एकट्याच्या हातचे नाहीत. चुकून गोड खाल्ले तर ते सांगण्याचे धैर्य त्याला घरच्यांच्या वागण्याने येते. आणि पायाला मुंग्या येतात हे तो कोणी शांतपणे ऐकून घेणार असेल तरच सांगतो.

म्हणून पुढच्या वेळी नरडाण्याच्या किंवा कोणत्याही गावच्या दवाखान्यात मधुमेही निघेल, तेव्हा त्याने एकट्याने जाऊ नये. घरात जी व्यक्ती भाकरी थापते तिला सोबत न्यावे. तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नये. आत न्यावे, वैद्यासमोर बसवावे आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्यावा.